मामाचे अठरा, मामीचे सात

माझ्या मामाला 'तब्येत कशी आहे' असं विचारायची चूक त्या वर्षी फार लोकांनी केली. विचारलं की मामा कापडी थैलीतून एक कागद काढायचा. साधासुधा कागद नाही, आमच्या तालुक्याच्या गोरेगावला नेऊन लॅमिनेट करून आणलेला. त्यावर नाव, पुरनलाल रहांगडाले, वय, अठ्ठावन्न, आणि खाली पेनने दोनदा गोल केलेला आकडा, १८.९.

"अठरा पॉइंट नऊ ग्राम," मामा म्हणायचा. "रक्त. गावात कोनाचं हाये एवढं?"

कोणाचंच नव्हतं, आणि असायलाही नको. एवढं एक वाक्य त्याच्या डोक्यात घालता घालता माझी चार वर्षं गेली.

मी योगेश्वरी. गोंदियात एका खाजगी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन आहे. तुम्ही बाही वर करून तोंड फिरवता, तेव्हा सुई हातात घेऊन उभी असते ती बाई मी. रोज कुडव्याहून स्कूटीने येते, पन्नास-साठ जणांचं रक्त काढते, नळ्या मशीनला लावते आणि मशीन छापून देते तो कागद ज्याच्या त्याच्या हातात ठेवते. इथपर्यंत काम सोपं आहे. खरा ताप कागद हातात पडल्यावर सुरू होतो. त्यावर वीस ओळी असतात, पण माणूस वाचतो एकच, हिमोग्लोबिनची. तिलाही तो हिमोग्लोबिन म्हणत नाही. "बाई, रक्त किती निंगलं?" दहा निघालं की अंगात दहा ग्राम रक्त, जणू सोनाराने तोलून पुडीत बांधून दिलं. अहो, अंगात पाच लिटर रक्त फिरत असतं, दहा ग्रामवर मांजरसुद्धा जगायचं नाही! ते दहा ग्राम म्हणजे अर्ध्या कपाएवढ्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं लाल द्रव्य किती, त्याचं माप. मी हे दिवसातून दहा वेळा सांगते. लोक शांतपणे ऐकून घेतात, मान डोलावतात आणि विचारतात, "हाव, पन बारा व्हाले काय खावं?"

पालथ्या घड्यावर पाणी. पण परक्याच्या घड्यावर ओतलेलं पाणी वाया गेलं तर माणूस संध्याकाळी विसरतो. हा घडा घरचा होता.

माझे वडील मी सहा वर्षांची असताना गेले. आई मला घेऊन माहेरी आली आणि मामाने मला सायकलच्या दांडीवर बसवून गोरेगावच्या शाळेत नेऊन सोडायला सुरुवात केली. पुढे बारावी झाली, लॅबचा डिप्लोमा झाला, सगळं त्याने केलं. "पोरीले कायले एवढं शिकवता?" म्हणणाऱ्यांना तो सांगायचा, "भाची हाये. भाचीचं केलेलं देवाच्या घरी पोचते." आम्हा पोवार समाजात भाचा-भाचीला फार मान. मामा वयाने कितीही मोठा असो, भाचीच्या पाया पडतो. माझ्या मामाने हा नियम एकदाही मोडला नाही. मी दवाखान्यात कामाला लागल्यावरही नाही. चिन्नोर तांदळाची पिशवी घेऊन यायचा, भरल्या गर्दीत पेशंटांसमोर म्हणायचा, "चप्पल काढ, बाई," आणि वाकून माझ्या पायांना हात लावायचा. डॉक्टर बघतायत, लोक बघतायत, मी लाजेने अर्धी. किती वेळा सांगितलं, की मामा, इथे नको. ऐकेल तो मामा कसला.

माणूस दणकट. बारा एकर धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, स्वतः उभं राहून सांभाळणारा. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरली की गावच्या नाटकात राजा नेहमी तोच, कारण तेवढा आवाज आणि तेवढा लालबुंद चेहरा दुसऱ्या कोणाचा नव्हता. त्या चेहऱ्याचं सगळ्यांना कौतुक होतं. मलाही होतं, हे इथे कबूल करते.

दोन हजार नऊच्या पावसाळ्यात तो मामीला घेऊन दवाखान्यात आला. रुख्मा मामी. तलावाची पाळ चढताना तिला धाप लागायची, रोवणीच्या दिवसांत तर दोनदा चिखलातच बसली. मामीने सुईसाठी हात पुढे केला आणि हळूच म्हणाली, "याइचंबी तपास वं. डोस्कं दुखते म्हन्तेत. अन् आंग धुतलं का तासभर खाजवत बसतेत." मामा म्हणाला, "मले काय धाड भरली?" पण भाचीने सुई पुढे केल्यावर नाही म्हणता आलं नाही.

तासाभराने दोन कागद निघाले. मामीचं हिमोग्लोबिन ७.२. मामाचं १८.९. मी मामाचा नमुना पुन्हा लावला. पुन्हा तेच.

मग मी दोघांना समोर बसवलं आणि ओळी ओळीने समजावलं. मामा, रक्त म्हणजे नुसतं लाल पाणी नव्हे. त्यात लाल पेशी असतात, पांढऱ्या असतात आणि प्लेटलेट असतात. शंभर भाग रक्तात लाल पेशी साधारण पंचेचाळीस भाग असाव्यात, बाकीचं पातळ. तुमच्यात अठ्ठावन्न आहेत. म्हणजे रक्त घट्ट झालंय. पांढऱ्या पेशी रोगाशी लढतात, त्या अकरा हजारांच्या आत हव्यात. तुमच्या चौदा हजार. प्लेटलेट रक्त गोठवतात, त्या साडेचार लाखांच्या वर नकोत. तुमच्या साडेसात लाख. घट्ट रक्त, त्यात गोठवणाऱ्या पेशी जास्त. कुठेतरी नळीत गाठ अडकली तर लकवा मारेल.

मामाचं बोट कागदावर फिरत होतं. प्रत्येक वाढलेल्या आकड्यापुढे मशीनने जाड 'एच' छापला होता. "हे 'एच' म्हंजे हाय ना? वरचा नंबर?"

"हो, पण..."

"सब में फर्स्ट!" मामा मामीकडे वळला. "पाह्य रुख्मा. अन् तुह्या कागदावर सारे 'एल'."

मी कपाळाला हात लावला. मामी मात्र तिच्या कागदावरची एक ओळ दाखवून विचारत होती, "हे बासष्ट कायचे?" मी म्हटलं, मामी, हे तुझ्या लाल पेशीच्या आकाराचं माप. ऐंशीच्या वर हवं. पेशी लहान आणि फिकट आहेत, कारण अंगात लोह नाही. तुझी पाळी अंगावरून जास्त जाते, त्यात ते संपतं.

"म्हंजे दाने बारीक, पोचट," मामी म्हणाली.

चौथी शिकलेली बाई. दहा वर्षांत मला एवढ्या पटकन कोणालाच समजावता आलं नव्हतं.

मामाला नागपूरच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी आणखी तपासण्या करून सांगितलं, की हाडांच्या आतल्या मगजात रक्ताच्या पेशी गरजेपेक्षा जास्त बनतात, हा आजार आहे. रोज एक बारीक गोळी, आणि सुरुवातीला दर पंधरा-वीस दिवसांनी एक थैली रक्त काढून टाकायचं. तो पंचेचाळीसचा आकडा आला, की मग लागेल तसं. आमच्या दवाखान्यात शेजारीच रक्तपेढी आहे, चिठ्ठी दाखवली की तिथे काढून देतात. जगात याहून सोपा उपाय नसेल. फक्त माणूस मामा नको.

"रक्त काढून टाकाचं?" मामा गरजला. "लोकायले चढवाले रक्त भेटत नाई, अन् माह्यं चांगलं रक्त तू फेकाले निंगाली?"

"चांगलं नाही ते, मामा. जास्त आहे."

"जास्त म्हंजेच चांगलं. धान जास्त झाले तर रडाचं का?"

"अती तिथं माती," मामी पुटपुटली. तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

आठ दिवसांनी मामा स्वतःचा तोडगा घेऊन आला. लॅमिनेट केलेला कागद एका हातात, मामीचा दुसऱ्या हातात. "माह्ये अठरा पॉइंट नऊ. इचे सात पॉइंट दोन. झाले सव्वीस. भागिले दोन. दोघायचे तेरा-तेरा. वरच्या बांधीत पानी जास्त झालं तर धुरा फोडून खालच्या बांधीत सोडतो ना आपन? तसंच कर."

खरं सांगते, क्षणभर मला त्याचा एवढा लोभ वाटला की बोलवेना. आणि मग एवढा राग आला की बोलणं थांबवेना. मामा, तुमचा रक्तगट बी, तिचा ओ. तुमचं रक्त तिला चढवलं तर ती मरेल. शिवाय आजारी माणसाचं काढलेलं रक्त कोणालाच देत नाहीत.

"तीस वर्सं एका घरात राह्यलो. लगनाच्या वक्ती गुन जुळले, नाडी जुळली, सारं जुळलं. अन् आता तू म्हन्ते रक्त जुळत नाई?" मामाने दोन्ही कागद थैलीत घातले. "तिले देत असशीन तर काढ. नाई तर मी थेंब देत नाई."

माझ्या पाया पडून तो बसस्टँडकडे निघून गेला. पाया पडायचं विसरला नाही!

तीन महिने हेच चाललं. मी फोन करायची, तो आकडा ऐकवायचा. मग धान कापणीच्या दिवसांत मामीचा फोन आला. सकाळी मामाच्या हातातला विळा गळून पडला होता. उजवा हात उचलेना, तोंड वाकडं झालं, बोलणं बोबडं झालं. अर्ध्या तासाने सगळं पूर्ववत झालं आणि तो पुन्हा बांधीत उतरला. "म्हन्तेत, थंडीनं आखडला," मामी म्हणाली. मला त्या अर्ध्या तासाचा अर्थ माहीत होता. पुढच्या वेळी तो अर्धा तास राहणार नव्हता, जन्माचा लकवा येणार होता, नाहीतर मामाच जाणार होता.

दुसऱ्या दिवशी मी दोघांना बोलावून घेतलं. मामा रक्तपेढीच्या खाटेवर बसला, पण बाही वर करेना.

"तू भाची हायेस," तो म्हणाला. "भाचीच्या तोंडून खोटं निंगत नाई. सांग, हे रक्त तिलेच जाईन ना?"

"जाईल."

"अन् ते बी अन् ओ गटाचं काय?"

"नवीन मशीन आलंय," मी म्हटलं. "त्यातून काढलं की जुळतं."

सगळी नोकरी मी लोकांना खरं काय ते समजावण्यात घालवली, आणि जगात नसलेलं एक मशीन मला दोन सेकंदात सुचलं. मामाने बाही वर केली. त्याआधी खाली उतरून म्हणाला, "चप्पल काढ." माझे पाय त्या दिवशी जळत होते.

मामीला गोळ्या सोसत नव्हत्या, पोटात मळमळायचं, म्हणून डॉक्टरांनी तिला लोहाचं सलाईन लिहून दिलं होतं. ते औषध तपकिरी लाल रंगाचं असतं. मामा दाराशी उभा राहून बघत होता. ते थेंब थेंब मामीच्या हातात उतरताना पाहून त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मंडईतल्या राजाच्याही चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. "पातळ करून देतेत वाट्टे," तो म्हणाला. मी हो म्हटलं. एक खोटं बोलल्यावर दुसऱ्याला कष्ट पडत नाहीत.

मग मामा नेमाने येऊ लागला. मामीची चार-पाच सलाइनं झाल्यावर तिच्या गोळ्या सुरू झाल्या, तेव्हा मी सांगितलं, आता तुमचं रक्त सुकवून गोळी करतात. तेही त्याने मानलं! गटाचं खरं पटलं नाही, सुकवलेल्या रक्ताची गोळी मात्र पटली. पण त्याचा पंचेचाळीसचा आकडा आला. डोकं दुखणं थांबलं. चेहरा निवळला. मामी न थांबता तलावाची पाळ चढू लागली. दीड वर्षात तिचे सात पॉइंट दोनचे अकरा पॉइंट आठ झाले. मामाने जुना कागद थैलीतून काढला आणि मामीचा नवा कागद लॅमिनेट करून आणला. "माह्या रक्तावर चालून राह्यली," गावभर सांगायचा.

आणि मग एक दिवस तो आलाच नाही. फोन केला तर म्हणाला, "तिचं भरलं ना? मंग आता कायले काढाचं? बांधी भरली का धुरा बांधून घ्याचा."

माझंच खोटं माझ्याच दारात येऊन बसलं होतं. चार महिने त्याने हात दिला नाही. पंचेचाळीसचे एक्कावन्न झाले. मी रोज ठरवायची, की आज खरं सांगून टाकते. पण खरं सांगितलं तर तो पुन्हा कधीच यायचा नाही, या भीतीने फोन खाली ठेवायची.

तेवढ्यात मामीचा कागद आला. ९.४. मामा धावत आला, बाही वर करूनच. "काढ, काढ, उतरलं बापा इचं." पुढल्या खेपेला ८.८, तो पुन्हा हजर. त्याचे एक्कावन्नाचे शेहेचाळीस झाले. मला हायसं वाटलं आणि त्याचीच लाजही वाटली. मामीच्या अंगावरून अजूनही जास्त जायचं, पण गोळ्या चालू होत्या, मग उतरत का होतं?

दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात तिचा कागद निघाला, ७.९. मी आकाराची ओळ बघितली. सहासष्ट. पुन्हा बारीक, पुन्हा पोचट. हे लोह न मिळालेलं रक्त होतं, यात शंकाच नाही. मामा शेजारच्या खोलीत खाटेवर थैलीची वाट बघत होता. मी मामीला दारामागे घेतलं.

"मामी, गोळ्या घेतेस का?"

तिने दाराच्या फटीतून खाटेकडे पाहिलं.

"मामी!"

"पेटीत हायेत," ती म्हणाली. "साऱ्या."

"काऊन वं?" मी ओरडलेच. "दहादा सांगितलं ना तुले! तुले तरी समजते म्हणून..."

"समजते म्हून तं," मामी म्हणाली. "पयल्याच दिसी मी पाह्यलं, त्याइची थैली तू कचऱ्याच्या पिवळ्या बादलीत टाकली. वर त्याइचं नाव होतं. मी कोनाले बोलली नाई. माह्ये अकरा झाले अन् त्याइनं येनं सोडलं. त्याइचा हात पुन्हा जड झाला होता एक दिस, तुले नाई सांगितलं. मंग मी गोया सोडल्या. माह्ये उतरले का ते येतेत. माह्यं थोडं उतरलं तर मी बसून जाईन तलावाच्या पाळीवर. त्याइचं चढलं तर ते उठनारच नाई. तूच सांगितलं होतं ना?"

मी सांगितलं होतं. सगळ्या ओळी सांगितल्या होत्या, आणि सगळ्या समजून घेणारं एकच माणूस मला चार वर्षांत भेटलं होतं. ते समोर पांढरंफटक पडून उभं होतं. मला तिचा इतका संताप आला की मी तिला मिठी मारली.

मग शेजारच्या खोलीत गेले आणि मामाला सांगितलं. मशीन नाही. सुकवलेली गोळी नाही. लाल बाटलीत लोह होतं. तुमचं रक्त तिला कधीच गेलं नाही.

"मंग कुठी गेलं?"

"जाळतात ते."

"सारं?"

"सारं."

मामाने दारात उभ्या मामीला विचारलं, "तुले मालूम होतं?"

"मले कागद वाचता येते," मामी म्हणाली. "मी गोया सोडल्या तुमच्यासाठी. तुमी येत नोहते."

मामाचा हात कापडी थैलीवर गेला, आतल्या लॅमिनेटचा कडकड आवाज झाला, आणि हात तसाच बाहेर आला. मला वाटलं, आता उठून जाईल. मी दारात आडवी उभी राहायची तयारी केली होती.

तो खाटेवर आडवा झाला आणि हात लांब केला.

"काढ," म्हणाला. "अन् इच्या गोया आज इथीच चालू कर. माह्यासमोर. इनं खाल्ली तरच मी देईन."

मामीने तिथेच पाण्याच्या घोटाबरोबर गोळी घेतली. सुई पहिल्याच टोचणीत लागली.

निघताना मामा दाराशी थांबला. मी चप्पल काढली. त्याने माझ्या पायांकडे पाहिलं, पिशवीतला तांदूळ टेबलावर ठेवला आणि मामीला हाताला धरून निघून गेला.

तेव्हापासून दर तीन महिन्यांनी ठरल्या तारखेला तो येतो. न बोलावता. बाही वर करतो, थैली देतो, मामी त्याच्यासमोर गोळी खाते. त्याचे चव्वेचाळीस, तिचं अकरा पॉइंट दोन. कागद आता लॅमिनेट होत नाहीत. डॉक्टर म्हणतात, असाच येत राहिला तर वयाची ऐंशी गाठेल. मला यापलीकडे काही नको होतं. पाया तो अजून पडलेला नाही. त्याच्या तारखेला मात्र मी सकाळपासून चपला टेबलाखाली सरकवून ठेवते आणि थंड फरशीवर अनवाणीच काम करते.